चौदा आण्यांचा हिशेब

१८९२ पूर्वी मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसलेल्या सभासदाला सरकारला साधा एक प्रश्नही विचारता येत नसे. १८६१ च्या कायद्याने कौन्सिल आले, २२ जानेवारी १८६२ ला टाउन हॉलमध्ये पहिली बैठक भरली, नाना शंकरशेटांसारख्या वजनदार माणसाची त्यावर नेमणूक झाली. पण समोर ठेवलेल्या मसुद्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दलही बोलायचे नाही, असा कायद्याचाच दंडक होता. दुष्काळी तालुक्यात सारा का वसूल केला, एखाद्या पुलावर किती रुपये गेले, कलेक्टर कचेरीत किती माणसे आहेत, यातले काहीही विचारायची सोय नव्हती. तीस वर्षे कारभार असाच चालला.

मी नोकरीची बरीच वर्षे मंत्रालयात विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे तयार करत होते. अधिवेशन जवळ आले की विधान भवनातून तारांकित प्रश्न येऊ लागत. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ ही त्यांची ठरलेली चाल. मग जिल्ह्याजिल्ह्यांत फोन जायचे. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती, तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती. विवरणपत्र जुळवायचे, आणि सभासद उठून पुढे काय विचारतील याचा अंदाज बांधून मंत्र्यांसाठी पूरक टिपणी लिहायची. एखाद्या जिल्ह्याने ‘माहिती निरंक’ असे कळवले की आमच्या साहेबांचा आवाज चढे, कारण तिथे कोणी मोजलेलेच नाही हे त्यांना ठाऊक असे. निवृत्तीनंतर मी मुंबई कौन्सिलाचे जुने वृत्तांत वाचायला घेतले. माझ्या टेबलावर येणाऱ्या त्या छापील कागदाचा एकेक तुकडा कोणी आणि केव्हा मिळवला, हे मला जाणून घ्यायचे होते.

१८९२ च्या कायद्याने दोन अधिकार दिले, अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा. दोन्ही हात राखून दिले. प्रश्नाची सहा दिवस आधी लेखी सूचना हवी. त्यात फक्त माहिती मागायची, युक्तिवाद करायचा नाही. अध्यक्षांना वाटले तर ते कारण न देता तो नाकारणार. मिळालेल्या उत्तरावर चर्चा नाही, उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर भाषण करता येई, मत देता येत नसे. एवढ्या फटीतून टिळक १८९५ मध्ये आणि गोखले १८९९ मध्ये कौन्सिलात गेले. १८९७ च्या जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले तेव्हा टिळक कौन्सिलाचे सभासद होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते.

मत देता येत नसेल तर आकडा असा मांडावा की तो सरकारलाही खोडता येऊ नये, हे गोखल्यांनी ओळखले. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. देश दुष्काळात होरपळत असताना तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते आहे, आणि ती शिल्लक म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला कर आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. यामागे रानड्यांची शिकवण होती. सोलापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी यांची मेहनतही होती. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते चाळून जोशी आकडे काढत आणि गोखल्यांना पुरवत. मंत्र्याच्या मागे अख्खे सचिवालय उभे असते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे त्या काळी सोलापुरातला एक मास्तर उभा होता. जोशींना मी माझ्याच व्यवसायातला माणूस मानते, फक्त ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते.

१९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला देताना ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा तिचा रोख होता. सरकारी बहुमतापुढे बोलून उपयोग नाही हे दिसल्यावर फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली आणि ठराव मांडता येऊ लागले. एवढ्यावर हा भाग सोडते, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट १९२१ मध्ये सुरू होते.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने केंद्राकडचे काही अधिकार प्रांतांकडे उतरवले आणि प्रांताच्या कारभाराची दोन दळे केली. शिक्षण, आरोग्य, शेती, सहकार, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही खाती सोपीव. ती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. पोलीस, तुरुंग, शेतसारा, पाटबंधारे आणि अर्थ ही खाती राखीव. ती गव्हर्नरच्या कार्यकारी सभासदांकडे. मुंबईच्या नव्या कौन्सिलात ८६ सभासद निवडून आलेले असणार होते. सर नारायण चंदावरकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री. आता कोणत्याही सभासदाला उपप्रश्न विचारता येऊ लागला, मागण्यांवर मत देता येऊ लागले, कपात सुचवता येऊ लागली. झालेला खर्च तपासायला हिशेब समितीही आली. तिचे अध्यक्षपद मात्र अर्थखात्याच्या सभासदाकडेच राहिले, म्हणजे ज्याचा हिशेब त्याच्याच समोर तपासायचा.

आणि खर्चाच्या एका मोठ्या भागाला मत लागूच नव्हते. कर्जावरचे व्याज, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, केंद्राला द्यायची वर्गणी, आणि लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी नेमलेल्या गोऱ्या-काळ्या सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार मतापलीकडे ठेवले होते. राखीव खात्याची मागणी कौन्सिलाने कापली तर गव्हर्नर ती आपल्या सहीने पूर्ववत करी. मद्रासचे एक मंत्री के. व्ही. रेड्डी नायडू यांनी आपली अवस्था जाहीरपणे सांगितली होती. विकासमंत्री, पण जंगले हातात नाहीत. शेतीमंत्री, पण पाटबंधारे हातात नाहीत. उद्योगमंत्री, पण कारखाने आणि वीज दुसऱ्याकडे. मुंबईत जंगले मंत्र्याकडे होती, बाकी चित्र फारसे निराळे नव्हते.

पैशाची विभागणी तर मुंबईला फारच जाचक पडली. मेस्टन समितीने प्रांतांनी केंद्राला दरवर्षी ९८३ लाख रुपये द्यावेत असे ठरवले. त्यात मद्रासचे ३४८ लाख आणि मुंबईचे ५६ लाख होते. आकड्यावरून मुंबई सुटली असे वाटेल. पण आयकर केंद्राकडे गेला होता, आणि मुंबईची खरी कमाई व्यापार-गिरण्यांच्या आयकरात होती. प्रांताच्या हाती मुख्यतः शेतसारा, स्टँप आणि दारू राहिली. शिक्षण हे लोकांच्या मंत्र्याचे खाते, आणि त्याला पैसा पुरवायचा तो दारूच्या गुत्त्यांतून. ही गाठ ज्याने समजून घेतली त्यालाच त्या काळातले प्रश्न नीट वाचता येतात.

ही अर्धी सत्ता वापरायची कशी, यावर मराठी मुलखात दोन उत्तरे निघाली. पहिले नागपूरचे. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. १९२४ च्या मार्चमध्ये त्यांनी अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. मंत्री पायउतार झाले. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी राखीव खात्यांचा खर्च सहीने मंजूर केला आणि सोपीव खातीही आपल्याकडे घेतली. द्विदल राज्यपद्धती हे ढोंग आहे हे नागपूरने साऱ्या देशाला दाखवले, त्याबद्दल त्या सभासदांचे धैर्य मान्य करायलाच हवे. पण माझे मत त्या बाजूला पडत नाही. शाळा, दवाखाने, जिल्हा कौन्सिले ही खाती त्यानंतर अशा माणसाच्या हाती गेली, ज्याला सभागृहात उभे करून जाब विचारता येत नव्हता. दीड-एक वर्षात, १९२५ च्या ऑक्टोबरात, त्याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले आणि पक्षच दुभंगला.

दुसरे उत्तर मुंबईत घडत गेले. ते एका पक्षाचे नव्हते आणि कोणी ठरवून दिलेलेही नव्हते. भिंत पाडता येत नसेल तर तिच्यातून आकडा बाहेर काढायचा, एवढेच त्याचे सूत्र होते.

खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे उदाहरण घ्या. गव्हर्नर लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खाते काढले आणि कुलाब्यापासून बॅकबेच्या समुद्रात ११४५ एकर जमीन भरून काढायची योजना हाती घेतली. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळी याच खात्याच्या. ५०,००० खोल्यांचा बेत होता. बांधून झाल्या त्या २०७ चाळी. समुद्रातल्या कामाचे त्याहून वाईट झाले. ड्रेजर ठरल्याप्रमाणे गाळ काढीना, टाकलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, अंदाजपत्रक फुगत गेले. योजना राखीव खात्याची, तिचे शिल्पकार खुद्द गव्हर्नर. तरीही कौन्सिलातले स्वराज्य पक्षाचे तरुण वकील नरिमन यांनी गाळ, यंत्रे आणि कंत्राटे यांचा पिच्छा सोडला नाही. १९२६ मध्ये सरकारला सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने नरिमनांवर मानहानीचा खटला भरला, तो लांबला, आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. बॅकबेच्या भरावाच्या आठ तुकड्यांपैकी चारच तेव्हा भरले गेले. मरीन ड्राइव्ह त्यातल्या दोहोंवर आहे. उरलेल्यांपैकी काही जमीन स्वातंत्र्यानंतर भरली गेली, आणि तिथल्या उंच इमारतींच्या वस्तीला आज नरिमन पॉइंट म्हणतात. तिथे नोकरीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस त्याच भरावाचा हिशेब मागणारा होता!

मला त्याहून मोलाचे वाटते ते सीताराम केशव बोले यांचे काम. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोल्यांनी ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, आणि सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, कोर्टे, दवाखाने अस्पृश्य समाजाला खुले असावेत. ठराव संमत झाला आणि ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने खातेप्रमुखांना तो अमलात आणायला सांगितले. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले आणि तळ्यावर काहीच झाले नाही. मंत्रालयात काम केलेल्या कोणालाही हा टप्पा ओळखीचा वाटेल: शासन निर्णय निघाला, खाली पोहोचला, दप्तरी दाखल झाला.

बोले तिथे थांबले नाहीत, म्हणून मी त्यांचे नाव घेते आहे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते दुसरा ठराव घेऊन आले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळत नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. ठराव आणि पैसा यांची गाठ त्यांनी अशी बांधली. धोरणाबद्दल विचारून जे हलत नाही ते अनुदानाबद्दल विचारल्यावर हलते, हे मी माझ्या नोकरीत पुन्हापुन्हा पाहिले आहे, आणि बोल्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, तेव्हा त्यांच्या हातात कौन्सिलाचा ठराव आणि महाड नगरपालिकेचा ठराव असे दोन कागद होते. ते पाणी प्यायले ते आपल्या कायदेशीर हक्काने. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या हक्काबद्दल हायकोर्टाचा निकाल मिळायला १९३७ चा मार्च उजाडला.

१९२७ च्या त्याच मार्चच्या सुमारास डॉ. आंबेडकर कौन्सिलात काय करत होते, हे फार कमी सांगितले जाते. ते सरकारनियुक्त सभासद होते. १८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी शपथ घेतली आणि आठवडाभरात, २४ तारखेला, अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. मुद्दा सरळ होता. आयकर कमाई नसेल तर द्यावा लागत नाही, पण शेतसारा मात्र पीक येवो न येवो, एक बिघ्याच्या मालकालाही सुटत नाही. मग १२ मार्चला शिक्षणाच्या मागणीवर ते बोलायला उभे राहिले. प्राथमिक शाळेत गेलेल्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सांगितले. आणि मग तो आकडा आला, ज्यापाशी मी वाचता वाचता थांबले. इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक घेते. लोकांकडून दारूपायी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती.

या एका वाक्यात मेस्टनची वाटणी आहे, दोन दळांचा कारभार आहे, आणि गरिबाच्या खिशातून निघून कोणाच्या शाळेत तो पैसा जातो हेही आहे. कोणत्या समाजाची लोकसंख्या किती आणि त्याची मुले प्राथमिक, माध्यमिक आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर किती, याची तुलनाही त्यांनी मांडली. कोलंबिया आणि लंडनला सार्वजनिक अर्थकारण शिकलेला माणूस माणशी आण्यांत बोलत होता, कारण ते सभागृहातल्या प्रत्येकाला कळणार होते. उत्तरे तयार करणाऱ्या खुर्चीतून सांगते, अशा प्रश्नाला टाळता येत नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे म्हणावे तर माहिती तुमच्याच अहवालातली असते.

माणसांच्या नेमणुकांचा विषय मात्र सगळ्यांत चिवट होता. शिक्षणमंत्र्याच्या हाताखालचे वरिष्ठ अधिकारी भारतमंत्र्यांनी नेमलेले. त्यांचा पगार कौन्सिलाला कापता येत नाही, आणि मंत्र्याशी पटले नाही तर ते थेट गव्हर्नरकडे जाऊ शकत. १९२४ मध्ये ली आयोगाने सोपीव खात्यांतल्या शिक्षण, शेतीसारख्या अखिल भारतीय सेवांची भरती थांबवायला सांगितले तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली. आय. सी. एस. आणि पोलीस तसेच राहिले. मग सभासद खालच्या पायरीकडे वळले. भास्करराव जाधवांसारखी बहुजन समाजातली माणसे कौन्सिलात आली होती. अस्पृश्य समाजातून ‘मूकनायक’चे संपादक राहिलेले ज्ञानदेव घोलप आणि पुढे आंबेडकर, सोळंकी आले. कोणत्या खात्यात किती कारकून, कोणत्या समाजाचे, पोलिसांत अस्पृश्य किती, शिष्यवृत्त्या किती आणि कोणाला, हे ते विचारत राहिले. गव्हर्नरच्या सचिवाला ते हात लावू शकत नव्हते, पण मामलेदार कचेरीतल्या हजेरीपटाचा तक्ता कौन्सिलाच्या टेबलावर मागवू शकत होते. आज आपण ज्याला अनुशेष म्हणतो तो मोजायची सवय सरकारला अशा तक्त्यांनी लावली. 

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली. पोलीस आणि शेतसारा पहिल्यांदा लोकांच्या मंत्र्यांकडे गेले, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या अर्थाने मुख्यमंत्री, झाले, दादासाहेब मावळंकर असेंब्लीचे अध्यक्ष. त्या ऑगस्टात मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक आले. काँग्रेसने महिना ५०० रुपये ठरवले होते. विरोधी बाकावरून आंबेडकरांनी त्याला हरकत घेतली. पगार ठरवताना राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता हे चारही पाहावे लागतात, नुसत्या साधेपणाच्या प्रेमापोटी तो ठरवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. कमी पगारावर फक्त घरच्या श्रीमंतालाच मंत्री होता येईल, ही त्यातली भीती मला आजही खरी वाटते. सभागृहात त्यांच्या बाजूने फार मते नव्हती. पण सत्तेवर आपली माणसे आली म्हणून प्रश्न थांबवायचे नसतात, हे त्यांनी पहिल्याच अधिवेशनात करून दाखवले. काँग्रेसच्या कित्येक सभासदांना ते तेव्हा रुचले नाही. पुढल्या काळात त्याच बाकांवर बसलेल्यांना त्याच हक्काची गरज पडली.

१९३९ च्या नोव्हेंबरात महायुद्धाच्या प्रश्नावर खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९३५ च्या कायद्यातल्या ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरने सगळी सूत्रे घेतली आणि १९४६ पर्यंत मुंबई प्रांताचे अंदाजपत्रक त्याच्या एकट्याच्या सहीने मंजूर होत राहिले. युद्धखर्च, रेशनिंग, विजापूरकडचा दुष्काळ, बेचाळीसची धरपकड, सामुदायिक दंड, सगळे त्याच वर्षांतले. त्या काळाचे खात्यांचे अहवाल मी पाहिले आहेत. छपाई व्यवस्थित, बेरजा बरोबर. कोणत्या गावाकडून किती दंड वसूल केला आणि तो कोणत्या हिशेबाने ठरवला, हे सरकारला सभागृहात उभे करून विचारणारा एकही सभासद त्या सहा वर्षांत नव्हता, आणि म्हणून त्याचे उत्तरही त्या अहवालांत छापलेले नाही.